कुराणाचा अर्थ आणि अरबी भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुराण, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची कथनं) आणि अरबी यांविषयी वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. विचारणारे सगळ्या प्रकारचे आहेत. कुणी लहानपणी मकतबात (मशिदीजवळच्या धार्मिक शाळेत) कुराण वाचायला शिकलं पण अर्थ शिकलं नाही, कुणी मराठी भाषांतर वाचताना कंसांत अडकलं, तर कुणाच्या घरी व्हॉट्सॲपवर आलेल्या एका आयतीवरून भांडण झालं. साधे प्रश्न आधी, किचकट नंतर. ५:६ म्हणजे पाचव्या सूरेतली (अध्यायातली) सहावी आयत (वचन). अरबी शब्द देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत.

१. कुराण अरबीतच का? देवाला दुसरी भाषा येत नव्हती का?

हा प्रश्न कधी खोडसाळपणे येतो, कधी मनापासून. त्याचं उत्तर कुराणातच आहे आणि ते अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक प्रेषित आपापल्या लोकांच्या भाषेतच बोलला, असं १४:४ सांगते. ‘तुम्हाला समजावं म्हणून’ अरबी कुराण उतरवलं, असं कारण १२:२ देते. ४१:४४ आणखी पुढे जाते: हेच अरबीखेरीज दुसऱ्या भाषेत असतं तर लोकांनी विचारलं असतं, याच्या आयती उलगडून का सांगितल्या नाहीत? इ.स. ६१० ते ६३२ या काळात पैगंबर मुहम्मद मक्का-मदीनेत ज्यांच्याशी बोलत होते, त्यांची भाषा अरबी होती. या आयतींचा भर समजण्यावर आहे.

२. मराठी भाषांतर वाचलं तर कुराण वाचलं असं म्हणता येईल का?

अर्थ समजून घ्यायला, हो. नमाजातल्या पठणाला, नाही. मुस्लिम परंपरेत ‘कुराण’ म्हणजे अरबी शब्दच; भाषांतर हा त्याच्या अर्थाचा कुणा एका माणसाने केलेला उलगडा. म्हणूनच मार्माड्यूक पिक्थॉल यांनी १९३०च्या आपल्या इंग्रजी भाषांतराच्या नावातच ‘अर्थ’ हा शब्द घातला. हे पिक्थॉल त्याआधी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते.

नमाजाबद्दलही मत कायम एकच होतं असं नाही. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनी फारसीत पठण चालेल असं म्हटल्याची नोंद आहे. त्यांचे शिष्य अबू युसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी ही सवलत अरबी न जमणाऱ्यांपुरतीच ठेवली, आणि पुढे खुद्द अबू हनीफांनीही मत बदललं असं हनफी (त्यांच्या मताचे) ग्रंथ सांगतात. तुर्कस्तानात १९३२पासून १९५०पर्यंत अजानसुद्धा तुर्की भाषेत दिली जात होती. सरकार बदललं आणि अरबी अजान परत आली.

भारतात अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुराण फारसीत आणलं आणि त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, उर्दूत. मराठीतही आता एकाहून अधिक भाषांतरं मिळतात. उलट्या दिशेने गेलेलं एक नाव मात्र मराठी वाचकाने विसरू नये: विनोबा भावे. ते मूळ कुराण वाचता यावं म्हणून अरबी शिकले, आणि पुढे त्यांनी निवडक आयतींचं संकलन केलं.

३. मी लहानपणी अख्खं कुराण वाचून संपवलं, पण एका ओळीचाही अर्थ सांगता येत नाही. असं कसं?

कारण तुम्हाला जे शिकवलं ते ‘नाजरा’, म्हणजे बघून शुद्ध वाचणं. आधी कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक), मग एकेक सिपारा (कुराणाच्या तीस भागांपैकी एक), सोबत उच्चाराचे नियम म्हणजे तजवीद. मराठी जिभेला ‘सीन’, ‘साद’ आणि ‘से’ ही तिन्ही अक्षरं ‘स’च वाटतात, म्हणून मौलानांचा सगळा जोर तिथे असतो. व्याकरण (सर्फ आणि नह्व) हा वेगळा अभ्यास, आणि तो मदरशात आलिम (धर्मपंडित) होऊ पाहणाऱ्यांच्या वाट्याला येतो. पठणाला स्वतःचं पुण्य आहे, असं मानणाऱ्यांना यात काही उणं वाटत नाही. माझं मत विचाराल तर, दहा वर्षांचं मूल अख्खं कुराण वाचायला शिकू शकतं, तर तेच मूल त्यातल्या नेहमीच्या दोन-तीनशे शब्दांचा अर्थही सहज शिकेल.

४. अरब लोकांना तर कुराण आपोआप कळत असेल ना?

नाही. कैरोच्या रस्त्यावरची बोली, मोरोक्कोची बोली आणि कुराणाची अरबी यांच्यात खूप अंतर आहे. शाळेत शिकवली जाणारी प्रमाण अरबी जवळची आहे, पण तिथेही पाय घसरतो. यूसुफच्या कथेत (१२:१९) विहिरीपाशी ‘सय्यारा’ येते; आजच्या अरबीत सय्यारा म्हणजे मोटारगाडी, तिथे मात्र वाटसरूंचा तांडा. आपल्याला यादवकालीन मराठी वाचताना ओळखीचा शब्द दिसतो आणि अर्थ भलताच निघतो, तसं हे आहे. शिवाय जगातल्या मुसलमानांत अरबी मातृभाषा असलेले साधारण पाचव्या हिश्शाइतकेच. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा सीबवैह (आठवं शतक) स्वतः फारसी वंशाचा होता.

५. सुरुवातीच्या कुराणात नुक्ते (अक्षरांवरचे ठिपके) आणि स्वरचिन्हं नव्हती म्हणतात. मग अर्थ टिकला कसा?

खरं आहे, सुरुवातीच्या हस्तलिखितांत अक्षरांचा सांगाडा असायचा. ब, त, स यांच्यातला फरक दाखवणारे नुक्ते क्वचित आणि ऱ्हस्व स्वर अजिबात नाहीत. मजकूर मुख्यतः पाठांतराने पुढे जात होता, कागद आठवणीला आधार म्हणून. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, अरबी मातृभाषा नसलेले लोक वाचू लागले, आणि अडचण सुरू झाली.

याची एक प्रसिद्ध गोष्ट बसऱ्याच्या अबुल अस्वद दुअली यांच्याबद्दल सांगतात. ९:३ मध्ये ‘अल्लाहचा मूर्तिपूजकांशी संबंध उरलेला नाही, आणि त्याच्या प्रेषिताचाही’ असं विधान आहे. एकाने शेवटचा शब्द ‘रसूलुहू’ऐवजी ‘रसूलिही’ वाचला, आणि अर्थ झाला: अल्लाहचा मूर्तिपूजकांशी आणि आपल्या प्रेषिताशीही संबंध उरलेला नाही! एका उकाराच्या जागी इकार, आणि भयंकर अनर्थ. त्यानंतर अबुल अस्वद यांनी स्वर दाखवायला रंगीत ठिपके वापरले, असं परंपरा सांगते. आज आपण जबर, जेर, पेश म्हणतो त्या खुणांचं श्रेय आठव्या शतकातल्या खलील इब्न अहमद यांना दिलं जातं. अरबी व्याकरण हे शास्त्र जन्मालाच कुराण नीट वाचलं जावं या काळजीतून आलं, असं म्हणायला हरकत नाही.

६. शेवटच्या स्वराला इतकं महत्त्व का? मराठीत तर असं नाही.

मराठीतही आहे, फक्त आपण त्याला विभक्ती म्हणतो. ‘वाघाने माणसाला खाल्लं’ आणि ‘माणसाला वाघाने खाल्लं’ यांत शब्दांचा क्रम बदलला तरी कोण वाचलं नाही ते कळतं. अरबीत हे काम शब्दाच्या शेवटचा स्वर करतो. त्याला ‘एराब’ म्हणतात. ३५:२८ मध्ये कर्म आधी आणि कर्ता शेवटी आहे: ‘अल्लाहला त्याच्या दासांपैकी जाणकारच भितात.’ स्वर उलटे वाचले तर अल्लाहच जाणकारांना भितो असं होईल. एरवी हा नियम चोख चालतो. जिथे तो दोन्ही बाजूंना चालतो तिथे काय होतं, ते पुढच्या उत्तरात पाहा.

७. वुजूच्या आयतीवरून इतके मतभेद का? एकच आयत तर आहे.

वुजू म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचा विधी. भाषेने अर्थ कुठपर्यंत ठरतो हे पाहायला ५:६ इतकी चांगली जागा दुसरी नाही. या एका आयतीत तीन स्वतंत्र वाद आहेत.

पहिला, पाय. ‘तोंड आणि हात धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा, आणि पाय…’ पायांसाठीचा शब्द ‘अर्जुलकुम’ वाचला तर तो ‘धुवा’ला जोडला जातो, ‘अर्जुलिकुम’ वाचला तर लगतच्या ‘डोक्या’ला. दोन्ही वाचनं प्रमाण मानली गेली आहेत. इतकंच काय, कूफ्याचे आसिम या एकाच गुरूंचे दोन शिष्य, हफ्स आणि शुअबा, यांनी एकेक वाचन पुढे नेलं. सुन्नी पाय धुतात, शिया ओला हात फिरवतात. आता गंमत पाहा: शिया विद्वान ‘अर्जुलकुम’ वाचनातूनही आपला अर्थ व्याकरणाने सिद्ध करतात (शब्द ‘डोक्या’च्या मूळ स्थानाशी जोडून), आणि सुन्नी विद्वान ‘अर्जुलिकुम’मधूनही (शेजारच्या शब्दामुळे स्वर बदलला, किंवा ही चामड्याच्या मोज्यांवरून हात फिरवण्याची सवलत आहे, असं म्हणून). म्हणजे व्याकरणाने कुणालाच हरवलं नाही. निकाल लागला तो कोणत्या हदीसवर आणि कुणाच्या आचरणावर विश्वास ठेवायचा यावर.

दुसरा, डोकं. ‘बि-रुऊसिकुम’ यातला ‘बि’ हा एक अक्षराचा शब्द. तो केवळ जोडणारा धरला तर पूर्ण डोक्यावरून हात फिरवायचा (मालिकी आणि हंबली; शाफई आणि हनफी धरून ही सुन्नी धर्मकायद्याची चार मतं). तो ‘काही भाग’ दाखवतो असं धरलं तर थोड्या केसांवरून फिरवला तरी पुरे (शाफई). हनफी मत पाव डोक्याचं आहे, पण त्यासाठी ते हदीसचाही आधार घेतात.

तिसरा, ‘तुम्ही स्त्रियांना स्पर्श केला असेल तर’. साधा स्पर्श की शरीरसंबंध? शाफई मतात परस्त्रीच नव्हे तर पत्नीच्या त्वचेला नुसता हात लागला तरी वुजू तुटतो. हनफी मतात हा शब्द शरीरसंबंधासाठीचा आडपडदा आहे, त्यामुळे स्पर्शाने काही बिघडत नाही. महाराष्ट्रात हा फरक घरात दिसतो: कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, देशावरचे बहुतांशी हनफी. रत्नागिरीची मुलगी आणि औरंगाबादचा मुलगा यांचं लग्न झालं की हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. दोघांनी आपापल्या मतावर चालायला कुणाचीच हरकत नाही.

८. म्हणजे कुराणं वेगवेगळी आहेत का?

मजकूर एकच, वाचनं (किराअत) अनेक. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी सात वाचनं प्रमाण ठरवली. पंधराव्या शतकापर्यंत इब्नुल जजरी यांच्या कामामुळे दहा सर्वमान्य झाली. भारतात आणि जगातल्या बहुतेक भागात आसिमकडून हफ्सने नेलेलं वाचन चालतं, आणि १९२४च्या कैरो आवृत्तीनंतर त्याचा प्रसार आणखी वाढला. मोरोक्को, अल्जीरियात वर्श यांचं वाचन आहे. बहुतेक फरक उच्चाराचे असतात. काही अर्थाला रंग देतात: फातिहामध्ये (कुराणाच्या पहिल्या सूरेत) आपण ‘मालिकि’ (स्वामी) वाचतो, वर्शमध्ये ‘मलिकि’ (राजा) आहे. कायद्यावर परिणाम करणारे फरक मोजकेच. त्यातला एक प्रश्न ७ मध्ये आला आहे.

९. जुन्या शब्दाचा अर्थ ठरवतात कसा? शब्दकोशात बघून?

शब्दकोश नंतर आले. पहिला आधार होता वाळवंटातल्या टोळ्यांची बोली आणि इस्लामपूर्व कविता. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास, ज्यांना कुराणाचे पहिले मोठे भाष्यकार मानतात, सांगत असत की ‘फातिर’ या शब्दाचा नेमका अर्थ मला कळत नव्हता. मग एका विहिरीवरून भांडणारे दोन बदू (वाळवंटातले टोळीवाले) आले आणि त्यातला एक म्हणाला, ‘अना फतर्तुहा’, म्हणजे ही खोदायला सुरुवात मी केली. तेव्हा फातिर म्हणजे आरंभ करणारा, हे उमगलं. मक्केत जन्मलेल्या, पैगंबरांच्या घरातल्या माणसालाही बाहेर विचारावं लागलं, याकडे लक्ष द्या.

या पद्धतीवर घाव घातला तो इजिप्तच्या ताहा हुसेन यांनी. इस्लामपूर्व म्हणून सांगितली जाणारी बरीचशी कविता नंतर रचलेली आहे, असं त्यांनी १९२६ साली मांडलं आणि मोठं वादळ उठलं. कविता बनावट असेल तर तिच्यावर उभे अर्थही डळमळतात, ही भीती त्यामागे होती. आजचे बहुतेक अभ्यासक त्यांच्याइतकं टोक गाठत नाहीत.

धातूवरून थेट अर्थ काढण्याची सवय मात्र सोडा. अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूतून बनतात हे खरं, पण वापर धातूपासून दूर जातो.

१०. एकाच शब्दाचे दोन उलट अर्थ असतील तर?

असे शब्द अरबीत आहेत आणि त्यांतला एक थेट कायद्यात येऊन बसला आहे. २:२२८ म्हणते, घटस्फोटित स्त्रीने तीन ‘कुरू’ थांबावं. ‘कुर’ म्हणजे मासिक पाळी, आणि दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळही. अरब दोन्ही अर्थांनी तो वापरत.

शाफई आणि मालिकी म्हणतात, शुद्धीचा काळ. त्यांचा एक पुरावा निव्वळ व्याकरणाचा: अरबीत तीन ते दहा संख्यांचं लिंग मोजल्या जाणाऱ्या नामाच्या उलट असतं. इथे ‘सलासता’ असं स्त्रीलिंगी रूप आहे, म्हणून मोजली जाणारी गोष्ट पुल्लिंगी. शुद्धीला ‘तुहर’ म्हणतात, तो पुल्लिंगी. पाळीला ‘हैजा’, ती स्त्रीलिंगी. हनफी उत्तर देतात: लिंग ‘कुर’ या शब्दाचं बघा, तो पुल्लिंगीच आहे, त्यामुळे काही सिद्ध होत नाही. उलट ‘तीन’ म्हणजे पूर्ण तीन. तलाक शुद्धीच्या काळात देतात. तो अर्धामुर्धा काळ मोजला तर तीन पूर्ण कसे होणार?

फरक काही दिवसांचा पडतो. शाफई मोजणीत तिसरी पाळी सुरू होताच इद्दत (थांबायचा हा काळ) संपते, हनफी मोजणीत ती पाळी संपल्यावर. त्या दिवसांत नवरा तिला परत नांदायला बोलावू शकतो की नाही, हे यावर ठरतं. दोन्ही बाजूंचे लोक अरबीचे पंडित होते.

११. कुराणात परकी शब्द आहेत का? ‘शुद्ध अरबी’ म्हणतात ना?

इमाम शाफई (मृत्यू ८२०) ठाम होते: सगळं अरबीच आहे. इतरांनी, आणि पुढे पंधराव्या शतकात सुयूती यांनी, परकी मुळाच्या शब्दांच्या याद्याच केल्या. मधला मार्ग असा निघाला, की शब्द बाहेरून आले पण कुराणाच्या आधीच अरबीत रुळले होते. मला हेच पटतं. बादली आणि चावी पोर्तुगीजांकडून आल्या म्हणून मराठी परकी होत नाही.

या विषयावरचा विसाव्या शतकातला गाजलेला अभ्यास आर्थर जेफरी यांचा. तो छापला गेला १९३८ साली बडोद्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. आणि एक शब्द तर आपल्याच बाजूचा: ७६:१७ मध्ये स्वर्गातल्या पेयात ‘जंजबील’ म्हणजे सुंठ-आलं आहे. त्याचं मूळ इराणमार्गे भारतीय भाषांपर्यंत, ‘शृंगवेर’पर्यंत नेलं जातं.

१२. देव एक आहे तर कुराणात तो ‘आम्ही’ का म्हणतो?

हा प्रश्न मराठी माणसाला पडू नये. राजेही ‘आम्ही’ म्हणत. अरबीतही मोठेपणाचं अनेकवचन आहे.

१३. सगळीकडे पुल्लिंगी अनेकवचन आहे. मग त्या आज्ञा स्त्रियांना लागू होतात का?

हो. अरबीत मिश्र समूहासाठी पुल्लिंगी अनेकवचनच वापरतात. पण हा प्रश्न आजचा नाही. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनीच विचारलं होतं, की पुरुषांचा उल्लेख होतो तसा आमचा का होत नाही. त्यानंतर ३३:३५ आली असं हदीस सांगतात. तिथे श्रद्धाळू पुरुष आणि श्रद्धाळू स्त्रिया, खरे बोलणारे आणि खऱ्या बोलणाऱ्या, अशा जोड्या एकामागून एक मोजून सांगितल्या आहेत.

१४. ‘अल्लाहचा हात’ खरा हात की लाक्षणिक?

अरबीत ‘यद’ म्हणजे हात, आणि सामर्थ्य, आणि उपकारही. मुअतजिली या तर्कवादी पंथाने ४८:१० सारख्या जागी लक्षणा धरली. जमख्शरी (मृत्यू ११४४) हे त्यांचे सर्वांत तयारीचे भाष्यकार, आणि त्यांची मतं न पटणारे सुन्नीही त्यांचं अलंकारशास्त्र आदराने वाचतात. हंबली परंपरा म्हणते, शब्द आहे तसा माना, ‘कसा’ ते विचारू नका. इमाम मालिक यांना सिंहासनारूढ होण्याबद्दल (२०:५) विचारलं तेव्हा त्यांनी हेच सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) तर वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ ही विभागणीच नाकारत. इथे वाद देवाच्या स्वरूपाविषयी आधीच काय मानलं आहे त्याचा आहे. अरबी दोघांनाही जागा देते.

१५. कुराणात आज्ञार्थी क्रियापद आलं की ते फर्ज (बंधनकारक) समजायचं का?

सरसकट नाही. ५:२ म्हणते, इहराम (हजच्या वेळची बंधनांची अवस्था) सुटल्यावर ‘शिकार करा’. हज करून आलेल्या प्रत्येकाने बंदूक उचलावी असं कुणी म्हणत नाही. बंदी उठली, एवढाच अर्थ. २:२८२ म्हणते, उधारीचा व्यवहार ‘लिहून ठेवा’. बहुतेक फिकहवाले (धर्मकायद्याचे पंडित) याला शिफारस मानतात, कारण लगेच पुढची आयत परस्परांवर विश्वास असेल तर मोकळीक देते. शब्दाला चिकटून राहणारे जाहिरी मात्र बंधनकारक धरतात. आज्ञार्थाचं वजन प्रसंगावरून ठरवणं, हे उसूल-ए-फिकह, म्हणजे धर्मकायदा काढण्याच्या तत्त्वांच्या, शास्त्राचं अर्धं काम आहे.

१६. ४:३४ मध्ये ‘मारा’ असं नाहीच, चुकीचं भाषांतर आहे, असं वाचलं. खरं काय?

सर्वाधिक ईमेल यावरच येतात. शब्द आहे ‘वद्रिबूहुन्न’, धातू ‘ज-र-ब’. या धातूचे अनेक अर्थ आहेत हे खरं: ४:१०१ मध्ये तो प्रवास करण्यासाठी आहे, इतरत्र उदाहरण देण्यासाठी, ४३:५ मध्ये दूर सारण्यासाठी. अमेरिकेच्या लाले बख्तियार यांनी २००७च्या भाषांतरात ‘त्यांच्यापासून दूर व्हा’ असा अर्थ घेतला.

भाषेच्या बाजूने अडचण अशी: ते वेगळे अर्थ बहुतेकदा सोबतच्या शब्दयोगी अव्ययाने किंवा ठरावीक कर्माने येतात. प्रवासाला ‘फी’ लागतो, दूर सारायला ‘अन’. इथे व्यक्ती थेट कर्म आहे आणि मध्ये काही नाही. अशा रचनेत नेहमीचा अर्थ मारणे हाच. जुन्या भाष्यकारांनी तोच घेतला आणि त्यावर ‘इजा न करणारं’ अशी मर्यादा घातली. ही मर्यादा पैगंबरांच्या निरोपाच्या प्रवचनातून येते.

मग सुधारणेला वाटच नाही का? आहे, आणि ती जुनी आहे. मक्केचे अता इब्न अबी रबाह (आठवं शतक) यांनी शब्दाचा अर्थ न बदलता सांगितलं, नवऱ्याने मारू नये, रागवावं. पैगंबरांनी स्वतः कधी स्त्रीवर हात उचलला नाही, हे त्यांच्या पत्नी आयशा यांचं कथन आहेच. माझ्या मते हा रस्ता शब्दकोशाच्या रस्त्यापेक्षा पक्का आहे. हवा तो अर्थ धातूतून काढायची मुभा घेतली, की तीच मुभा उद्या उलट बाजूलाही द्यावी लागते.

१७. कुराणात अणू, पृथ्वीचा अंडाकार वगैरे आधीच सांगितलंय, हे अरबीवरून सिद्ध होतं का?

नाही. ९९:७ मधला ‘जर्रा’ म्हणजे धुळीचा कण किंवा इवलीशी मुंगी. अणूला ‘जर्रा’ म्हणणं आधुनिक अरबीने सुरू केलं. ही प्रश्न ४ मधल्या ‘सय्यारा’सारखीच गफलत. ७९:३० मधल्या ‘दहाहा’चा अर्थ पसरवली, अंथरली. शहामृगाचं अंडं तिथे नाही; त्याच धातूचा एक शब्द शहामृग अंडी घालतो त्या जागेला वापरतात, तेवढ्यावरून ही गोष्ट रचली गेली. असे संदेश पुढे पाठवण्याआधी एखादं जुनं भाष्य उघडून बघा.

१८. भारतातल्या न्यायालयांनी कुराणाच्या शब्दांचा अर्थ लावला आहे का?

हो, आणि त्यात एक पुणेकर आहे. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) आगा महोमद जाफर खटल्यात म्हटलं होतं, की जुन्या, अधिकारी भाष्यकारांच्या विरोधात न्यायालयाने कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये. २३ एप्रिल १९८५च्या शाहबानो निकालात (घटस्फोटित स्त्रीच्या पोटगीचा खटला) पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने घटस्फोटित स्त्रियांबद्दलच्या २:२४१ मधल्या ‘मताअ’ची वेगवेगळी इंग्रजी भाषांतरं समोर ठेवली. त्यांत मुंबईत शिकलेल्या अब्दुल्ला युसुफ अलींचंही होतं. पर्सनल लॉ बोर्डाचं म्हणणं असं, की ‘मताअ’ म्हणजे एकदाच द्यायची तरतूद, दरमहा पोटगी नव्हे. शिवाय आयत ‘मुत्तकीं’ना, म्हणजे विशेष धर्मशील लोकांना उद्देशून आहे. पीठाने तरतूद आणि पोटगी यांतला भेद अमान्य केला. पुढे घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचा १९८६चा कायदा आला, आणि २००१च्या डॅनियल लतीफी निकालाने त्यातल्या ‘रास्त तरतुदी’चा अर्थ असा लावला, की ती इद्दतीच्या काळात द्यायची असली तरी पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी. निकालाशी सहमत असा वा नसा. भाषांतरं शेजारी ठेवून अर्थ ठरवणं आणि भाष्यपरंपरेतून ठरवणं या दोन पद्धती इथे समोरासमोर आल्या.

१९. हदीसची भाषाही कुराणासारखीच तपासतात का?

तितकी नाही. अनेक हदीस शब्दशः नव्हे, आशयाने सांगितले गेले, आणि सांगणाऱ्यांत अरबी मातृभाषा नसलेलेही होते. म्हणून जुने व्याकरणकार हदीसला भाषेचा पुरावा मानायला कचरत. तेराव्या शतकात अंदलुसियाच्या (मुस्लिम स्पेनच्या) इब्न मालिक यांनी तो मोकळेपणाने वापरला, तर पुढच्या पिढीतले अबू हय्यान यांनी त्यावर टीका केली. हदीसमधल्या एखाद्या अव्ययावर मोठा निष्कर्ष उभारलेला दिसला, तर त्याच प्रसंगाची इतर कथनं आधी पाहावीत.

२०. ३:७ मध्ये कुठे थांबायचं यावर अर्थ बदलतो म्हणतात. ते काय?

आयत म्हणते, काही आयती स्पष्ट आहेत, काही संदिग्ध. आणि संदिग्धांचा अर्थ अल्लाहशिवाय कुणी जाणत नाही. इथे थांबलात तर पुढचं नवं वाक्य: ‘ज्ञानात मुरलेले म्हणतात, आमची यावर श्रद्धा आहे.’ न थांबता वाचलंत तर: ‘अल्लाह आणि ज्ञानात मुरलेल्यांशिवाय कुणी जाणत नाही.’ आपल्याकडच्या प्रतींत ‘अल्लाह’नंतर लहानसा मीम असतो, म्हणजे थांबणं आवश्यक. पण सातव्या-आठव्या शतकातले मुजाहिद यांच्यासारखे भाष्यकार दुसऱ्या वाचनाच्या बाजूने होते, आणि शिया परंपरेत ज्ञानात मुरलेले म्हणजे इमाम. विरामखुणा मूळ मजकुराचा भाग नाहीत, हे लक्षात ठेवा.

२१. मी अरबी शिकलो तर स्वतः अर्थ लावू शकेन का?

भाषांतर तपासू शकाल, भाष्य वाचू शकाल, कुणी शब्द फिरवला तर ओळखू शकाल. स्वतंत्र अर्थ लावायला सुयूती यांनी पंधरा विद्या सांगितल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या सात भाषेच्या: शब्दार्थ, व्याकरण, रूपसिद्धी, व्युत्पत्ती आणि अलंकारशास्त्राच्या तीन शाखा. उरलेल्यांत किराअत, आयत उतरली तेव्हाचा प्रसंग, कोणती आज्ञा नंतर बदलली, फिकह, हदीस वगैरे येतात, आणि शेवटची विद्या म्हणजे ईश्वरी देणगी. ती अभ्यासक्रमात बसत नाही. भारतातल्या मदरशांचा दर्स-ए-निजामी (लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन, अठरावं शतक) पहिली वर्षं व्याकरणावरच घालवतो. तुलनेने कुराणाच्या भाष्याला त्यात जागा कमी, ही त्यावरची जुनी तक्रार.

२२. चांगलं भाषांतर ओळखायचं कसं?

पूर्ण वाचण्याआधी तीन जागा उघडा: ५:६, २:२२८ आणि ४:३४. ‘कुरू’ला भाषांतरकाराने नुसतं ‘मासिक पाळी’ म्हटलंय की दुसरा अर्थ तळटीपेत दिलाय? ‘पाय’ कुठल्या क्रियापदाला जोडलाय? ४:३४ मध्ये ‘हळूच’ असा शब्द घातला असेल तर तो कंसात आहे की मूळ वाक्यात मिसळून टाकलाय? कंसांचा त्रास होतो हे मान्य, पण कंस म्हणजे ‘हे मी घातलंय’ अशी कबुली. मग आणखी एक भाषांतर, शक्यतो वेगळ्या मसलकच्या (पंथमताच्या) माणसाने केलेलं, शेजारी ठेवा. जिथे दोघांचे शब्द जुळत नाहीत तिथे खूण करा आणि तेवढंच घेऊन अरबी जाणणाऱ्याकडे जा.